निसर्गचिंतक व्हायचं तर आधी एक मानस शोधा

आमच्या गावाखाली जुवारी नदीच्या काठाला खाजन आहे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातजमीन, आणि खाजनाच्या बांधात एक मानस. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं लाकडी दार. नदीला भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं ते मिटतं, आणि सुकती लागून बाहेरचं पाणी उतरलं की आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतं. खारं पाणी भातात शिरत नाही, आणि कोणाला हात लावावा लागत नाही. लहानपणी त्याच दाराजवळ गरी टाकून मी कितीतरी दुपारी काढल्या. पण ते आज किती वाजता मिटेल, असं पन्नाशीपर्यंत मला कोणी विचारलं असतं, तर मी खांदे उडवले असते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी निसर्गचिंतन करतो म्हणून सांगू लागलो, तर अर्ध्या गावाला वाटलं मास्तर पहाटे उठून डोळे मिटून बसतात. काम नेमकं उलटं आहे, आणि ते शिकता येतं. गेल्या काही वर्षांत चारसहा मुलामुलींनी 'सुरुवात कुठून करू' असं विचारलं, त्यांना जे तोंडी सांगितलं ते इथं लिहून ठेवतो.

आधी नाव समजून घ्या

आज ज्यांना आपण शास्त्रज्ञ म्हणतो, त्यांना युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत निसर्गाचे तत्त्वज्ञ म्हणत. न्यूटनच्या 1687 च्या ग्रंथाचं नावच 'निसर्ग-तत्त्वज्ञानाची गणिती तत्त्वं' असं आहे. 'सायंटिस्ट' हा शब्द इंग्रज विद्वान विल्यम ह्यूएल यांनी 1833 मध्ये सुचवला. मायकेल फॅरडे यांना तो आवडला नाही. त्यांनी स्वतःला तत्त्वज्ञ म्हणवून घेणंच पसंत केलं. हे फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेले, पदवी नसलेले. 'पण माझं तर कॉमर्स झालंय' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडेही हा धंदा जुना आहे. वैशेषिकसूत्रांत कणादाचं एक सूत्र आहे: 'संयोगाभावे गुरुत्वात् पतनम्'. आधार सुटला की जडपणामुळे वस्तू पडते. पाडेल्यानं माडावरून नारळ तोडला की देठाचा संयोग संपतो आणि गुरुत्व आपलं काम करतं. यावरून 'न्यूटनच्या आधी आपल्याला सगळं ठाऊक होतं' असे संदेश फिरतात, ते फिरू द्या, पुढे पाठवू नका. कणादानं नारळ किती वेगानं पडतो हे मोजलेलं नाही. त्यानं केलं ते वेगळं आणि तितकंच अवघड: पडण्याला कारण हवं, आणि ते वस्तूच्या एखाद्या गुणात शोधावं, असं ठरवलं.

म्हणजे हा माणूस नेमका कोण? पक्षीनिरीक्षक नावं लावतो, नोकरीतला शास्त्रज्ञ एका अरुंद प्रश्नाच्या मागे वर्षानुवर्षं लागतो, तत्त्वज्ञ खोलीत बसून 'कारण म्हणजे काय' विचारतो. निसर्गचिंतक चिखलात पाय ठेवून तोच प्रश्न विचारतो, आणि सोबत 'हे मला कशावरून कळलं' हेही विचारतो.

पहिली पायरी: एकच जागा

घरापासून पंधरा मिनिटांच्या आत चालत जाता येईल अशी एक जागा निवडा आणि वर्षभर बदलू नका. सत्तरी तालुक्यातल्या माणसाला व्हाळ (ओढा) मिळेल, पेडण्याच्या माणसाला सडा मिळेल, रायबंदरच्या माणसाला मिठागर. पणजीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही सबब सांगू नये; रायबंदर-चोडण फेरीबोटीत उभं राहिलात तरी पुरे. बोटीचं नाक समोरच्या धक्क्याकडे सरळ नसतं, प्रवाहाच्या विरुद्ध अंगाला कललेलं असतं. भरती असेल तर एका बाजूला, सुकती असेल तर दुसऱ्या. रोज तीच बोट पकडणारी किती माणसं हे सांगू शकतील, बघा विचारून.

दर रविवारी नवा धबधबा गाठणारा माणूस चांगले फोटो जमवतो. त्याला आमच्यात घेऊ नये असं माझं मत आहे, पण ते सोडा.

दुसरी पायरी: तीन रकान्यांची वही

शाळेची दोनशे पानी वही घ्या आणि पानावर तीन उभे रकाने पाडा: *पाहिलं*, *ऐकलं*, *वाटलं*. एवढंच. पण यातच सगळी कसोटी आहे, कारण आपलं नव्वद टक्के ज्ञान दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातलं असतं आणि आपण ते पहिल्यात लिहितो. 'आज कोल्ह्यानं कोंबडी नेली' हे तुम्ही पाहिलंत का? पिसं पाहिलीत. मग पिसं लिहा.

हे शिस्तीचं काम गोव्यात पहिल्यांदा ठसठशीतपणे ज्यानं केलं तो गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज वैद्य, 1534 मध्ये गोव्यात आला. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक 1563 मध्ये इथंच छापलं गेलं. छापखाना गोव्यात येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. युरोपातून आलेला रुआनो नावाचा विद्वान जुन्या ग्रीक-रोमन ग्रंथांचे दाखले देतो, आणि ओर्ता म्हणतो की मी या देशात काय पाहिलं ते ऐका. स्वतः न पाहिलेलं असेल तर कोणाकडून कळलं ते सांगतो. मेल्यावर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली. गुन्हा पुस्तकाचा नव्हता, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा होता. पणजीच्या चर्चसमोरच्या नगर उद्यानाला आज त्याचं नाव आहे. तिथल्या बाकावर बसून पहिलं पान लिहायला हरकत नाही.

तिसरी पायरी: मोजा, पण आधी मापाची लाज काढा

पहिल्या वर्षी मी पर्जन्यमापक केला. 10 सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं, खाली कॅन. हिशेब सोपा: तोंडाचं क्षेत्रफळ साधारण 78.5 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 785 मिलिलिटर पाणी जमलं की 100 मिलिमीटर पाऊस. सरळ कडांचा डबा असेल तर तोही हिशेब नको, पट्टी बुडवा आणि वाचा. मी मृगाच्या पहिल्या आठवड्यापासून आकडे लिहिले आणि चहाच्या दुकानात जाहीर केलं की आमच्या वाड्यावर पणजीच्या चौपट पाऊस पडतो. लोकांनी मानही डोलावली. मास्तर सांगतात म्हणजे असेल. तिसऱ्या आठवड्यात बायकोनं विचारलं, "तुमचा तो कॅन पागोळ्यांखाली कशाला ठेवलाय?"

म्हणून मापाचं साधन आधी तपासा. मोकळी जागा, वर झाड नाही, छप्पर नाही, रोज सकाळी एकाच वेळी. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि वाळपईकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी, त्याहून बराच जास्त, कारण समुद्रावरचा ओला वारा डोंगराला आपटून वर चढतो आणि थंड होतो. तुमचा आकडा यापासून फारच दूर असेल तर आधी स्वतःवर संशय घ्या.

पैसे न लागणारं दुसरं माप म्हणजे अंगणातली काठी. ओळंब्यानं सरळ उभी करा आणि दुपारी दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं नोंदवा. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही, साधारण साडेबाराला पडते. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर चालतं आणि आपण 74 च्या आसपास राहतो. सूर्याला तेवढं अंतर पश्चिमेला यायला अर्धा तास जास्त लागतो. मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस काठीची सावली नाहीशी होते, कारण गोवा 15.5 अंश अक्षांशावर आहे आणि सूर्य तेव्हा बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारची सावली दक्षिणेला पडते. सूर्य नेहमी दक्षिणेकडूनच तापतो असं मानून पडवी बांधणाऱ्यांना ही गंमत जरूर दाखवा. ऑगस्टमधला दुसरा सावलीशून्य दिवस ढग बहुतेक खाऊन टाकतात.

मोजण्यातून किती लांब जाता येतं हे पाहायचं असेल तर दामोदर कोसंबींकडे बघा. 1907 साली गोव्यातल्या कोसंबे गावी जन्मलेला गणिती. त्यांनी हजारो जुनी नाणी तराजूत घातली. नाणं हातोहात फिरताना झिजतं. म्हणून वजनातली घट हे ते किती काळ बाजारात फिरलं याचं घड्याळ आहे. साधन एक काटा, बाकी सगळा विचार.

चौथी पायरी: नियम वेगळा, कारण वेगळं

इथं घाई करू नका. बहुतेक नवे लोक इथंच घसरतात.

मानशीवर एक म्हातारे गृहस्थ राखणीला असतात, सगळे त्यांना तात्या म्हणतात. मी वही घेऊन बसलो की विचारायचे, "कितें बरयतां मास्तर?" भरतीची वेळ लिहितो म्हटल्यावर हसले. "तिथीची पाऊणपट करा की. लिहायला कशाला हवं?" किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पौर्णिमेला सव्वाअकरा. सकाळचीही तीच आणि रात्रीचीही साधारण तीच.

हा नियम झाला. उपयोगी आहे, होडी त्यावर निघते. पण तो *कारण* सांगत नाही. भरतीचा चंद्राशी संबंध आहे हे कोळ्याच्या पोरालाही माहीत असतं. आणि गॅलिलिओसारख्या माणसानं 1632 मध्ये तो संबंध साफ झिडकारला. इतक्या लांबून चंद्र पाणी ओढतो ही त्याला जादूटोण्याची भाषा वाटली. केप्लर असलं काही मानतो याचं त्याला नवल वाटलं. पृथ्वीच्या फिरण्यानं समुद्र हिंदकळतो, असं त्याचं म्हणणं. त्या हिशेबानं दिवसात एकच भरती यायला हवी होती, आणि आपल्याकडे दोन येतात. 1687 मध्ये न्यूटननं चंद्र आणि सूर्य या दोघांची ओढ धरून हिशेब मांडला, तेव्हा उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांचा उलगडा झाला: अमावस्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत, म्हणून उधाण, अष्टमीच्या सुमाराला काटकोनात, म्हणून भांग.

या गोष्टीत तात्यांचा नियम बरोबर, गॅलिलिओचं कारण चूक, आणि तरी गॅलिलिओ निसर्गचिंतक होता. कारण त्यानं 'असं का?' हा प्रश्न टाकून दिला नाही.

आता तुमचं काम. नियम घ्या आणि तो कुठं मोडतो ते शोधा. पाऊणपटीत भरती दर तिथीला 45 मिनिटं सरकते. प्रत्यक्षात चंद्र रोज साधारण 12 अंश पूर्वेला जातो, म्हणून भरती सरासरीनं 50 मिनिटं उशिरा येते. आणि ही सरकही रोज सारखी नसते, उधाणाच्या दिवसांत कमी, भांगाच्या दिवसांत जास्त. शिवाय दिवसाच्या दोन भरत्या आपल्याकडे समान उंचीच्या नसतात. त्यात आमची मानस नदीमुखापासून आत आहे, भरतीची लाट चढत यायला वेळ लागतो. मुरगावच्या भरतीचं कोष्टक भारतीय सर्वेक्षण विभाग छापतो. ते समोर ठेवून स्वतःच्या जागेचा फरक काढा. माझ्या वहीत पहिले दोन महिने नुसता गोंधळ होता. तिसऱ्यात तो गोंधळ एकाच दिशेचा आहे हे दिसलं: दार नेहमी कोष्टकापेक्षा उशिरा मिटतं, लवकर कधीच नाही.

जाता जाता एक जुना खेळ. ॲरिस्टॉटल म्हणायचा, कोणत्याही गोष्टीला चार प्रकारे 'का' विचारा: कशाची, कोणी केली, कोणत्या आकाराची, कशासाठी. मानशीच्या दाराला चारही उत्तरं मिळतात: लाकूड, सुतार, एकाच अंगाला उघडणारी झडप, खारं पाणी अडवणं. भरतीला विचारा. पहिल्या तिघांशी झटापट करता येते, चौथ्याला उत्तर नाही. भरती कशासाठी? सतराव्या शतकातल्या मंडळींनी हा चौथा प्रश्न निसर्गाच्या बाबतीत हळूहळू बाजूला ठेवला. सजीवांच्या बाबतीत तो अजून पुरता गेलेला नाही. काजवा *कशासाठी* चमकतो असं आपण विचारतोच.

पाचवी पायरी: उपाधी शोधा

ही युक्ती आपल्या नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांची, आणि माझ्या मते सगळ्यांत धारदार. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथं अग्नी आहे, हे अनुमान खरं. उलट केलं, अग्नी आहे म्हणून धूर असणार, तर फसलं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग धूर केव्हा असतो? जळण ओलं असेल तेव्हा. ही लपलेली अट म्हणजे उपाधी.

मार्च-एप्रिलमध्ये काजूची दारू गाळतात त्या भाटीवर जा, प्रत्यक्ष दिसेल. भाणाखाली, म्हणजे रस उकळायच्या भांड्याखाली, सुकं लाकूड रसरसतंय तेव्हा धुराचा पत्ता नसतो, आणि कोणीतरी ओला ओंडका सरकवला की डोळे चुरचुरतात. (उराकाची चव बघायला गेलात तर वही आधी भरून घ्या. अनुभवाचे बोल आहेत.)

आता हेच चिऱ्यांना लावा. चिरेखाणीतून काढलेला ताजा जांभा मऊ असतो, सहज तासता येतो, आणि बाहेर ठेवला की कडक होतो. 1807 मध्ये फ्रान्सिस ब्यूकॅननं याच गुणावरून, विटेच्या लॅटिन शब्दावरून, या दगडाला लॅटेराइट नाव दिलं. कडक का होतो? कोणालाही विचारा: "उन्हानं." मी तीन ताजे तुकडे घेतले. एक उन्हात, एक पडवीच्या सावलीत वाऱ्याला, एक रोज भिजवलेल्या गोणपाटात. उन्हातला लवकर कडक झाला. सावलीतलाही झाला, फक्त सावकाश. गोणपाटातल्यावर कोयत्याचा ओरखडा महिन्यानंतरही तसाच उठत होता. म्हणजे 'ऊन' बाजूला काढता आलं; लपलेली अट, उपाधी, ओल जाण्याची आहे, आणि ओल गेली की दगडातली लोहाची संयुगं घट्ट बसतात. तीन तुकडे म्हणजे काही सिद्धता नव्हे. पण 'उन्हानं' हे उत्तर त्यानंतर मी देत नाही.

'बेडूक ओरडले की पाऊस येतो' हे तुम्हीच सोडवा.

सहावी पायरी: एक भांडखोर माणूस पाळा

ओर्तानं रुआनो कल्पनेतून उभा केला. तुम्हाला खरा मिळाला तर उत्तम. माझा रुआनो म्हणजे माझी बहीण, फार्मसीत आयुष्य काढलेली. "दादा, हे तू पाहिलंस की तुला हवंय म्हणून दिसलं?" हा तिचा ठरलेला प्रश्न. महिन्यातून एकदा वही तिच्यापुढे ठेवतो आणि दोन दिवस बोलत नाही.

स्वतःच्या लाडक्या कारणाविरुद्ध उभं राहणं किती महाग पडतं, ते पणजीत आदिलशाही राजवाड्याशेजारच्या पुतळ्याकडे पाहून आठवावं. कांदोळीत 1756 मध्ये जन्मलेले आबे फारिया. रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला तो पुतळा 1945 चा. पर्यटक त्याच्यासारखे हात पसरून फोटो काढतात. फारिया पॅरिसमध्ये लोकांना संमोहननिद्रा आणत. तेव्हा सगळे म्हणत होते की हे काम संमोहकाच्या अंगातून वाहणाऱ्या अदृश्य चुंबकी द्रवाचं. फारियांनी सांगितलं की द्रव वगैरे काही नाही, कारण झोपणाऱ्याच्या मनात आहे. स्वतःच्या अंगात शक्ती आहे असं सांगून पैसे मिळवणं सोपं होतं. त्याऐवजी नाटकातून टर उडवून घेतली, आणि 1819 मध्ये पुस्तक लिहून त्याच वर्षी गेले.

राहिलेलं थोडं

खर्च: वही, पट्टी, ओळंबा, नरसाळं. दुर्बीण पहिल्या वर्षी नको. वाचायला पणजीचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 पासूनचं. खाजनात शिरताना भाटकाराला (जमीनमालकाला) किंवा कुळाला विचारा, आणि बांधाच्या कडेवर चालू नका. कड खचली तर नुकसान त्यांचं. पावसाळ्यात व्हाळाजवळ एकट्यानं जाऊ नये. मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या तर चालतात, पण पाण्यात पडलेली वही वाळवता येते.

तात्यांना परवा माझा उशिराचा हिशेब दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला, मग म्हणाले, "मास्तर, दाराची खालची फळी फुगलीय, म्हणून उशीर. नदी वेळेवरच येते." हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फळी सुकल्यावर पुन्हा मोजावं लागेल, आणि दाराबरोबर आता बांधाच्या बाहेर पाण्यात एक खुणेची काठीही रोवली आहे, म्हणजे दार आणि नदी वेगवेगळी वाचता येतील. उद्या सप्तमी. पाऊणपटीनं सव्वापाच. सव्वाचारलाच जाऊन बसणार आहे.